शेवटचा बाक

"फोन टेबलावर ठेव, मारिसेल," ग्रेडी म्हणाला. "तासाभराचाच प्रश्न आहे."

शुश्रूषागृहातली सेविका मारिसेल म्हाताऱ्या कोचच्या उशीचा अभ्रा बदलत होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही. "फोन लॉकरमध्ये असतो. कामावर असताना आम्हाला जवळ ठेवू देत नाहीत. दोन वर्षं येताय इथे, एवढं नाही कळलं?"

"मग इथेच बस. माझ्या नजरेसमोर."

ती हसली आणि खिडकीजवळ टॉवेलांच्या घड्या घालत बसली.

ग्रेडीचं डोकं फिरायला कारण होतं. कोकोमो गावातल्या बारा जणांची त्यांची फॅन्टसी लीग. दर ऑक्टोबरला, खऱ्या बास्केटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, बाराही जण फोनवर पाळीपाळीने खरे खेळाडू आपापल्या संघात उचलत. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नसे. मोठी नावं काय, शेंबडं पोरही उचलेल. ग्रेडीला चस्का होता तो कुणी ढुंकूनही न बघितलेल्या खेळाडूंचा. उन्हाळाभर कारखान्यातून आला की तो सामने बघत बसे आणि अशी पाच-सहा नावं वहीत उतरवून ठेवी.

गेल्या वर्षी त्यातली चार नावं एकाच माणसाने पळवली होती. दर वेळी बरोबर ग्रेडीची पाळी येण्याआधी. त्याच्या संघाचं नाव होतं 'शेवटचा बाक'. माणूस लीगमध्ये नवा होता. "जुन्या ओळखीचा आहे, नाव सांगू नको म्हणालाय," एवढंच लीग चालवणारा बर्ल सांगे.

वही ग्रेडीने बायकोलाही दाखवली नव्हती. ती त्याने मोठ्याने वाचली होती फक्त या खोलीत, दर रविवारी. इथे ऐकायला होतं कोण? एक मारिसेल. आणि दुसरे कोच, म्हणजे त्याचे वडील. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

गावच्या शाळेचा संघ त्यांनी एकतीस वर्षं घडवला होता. सगळं गाव कोच म्हणे, म्हणून ग्रेडीही कोचच म्हणे. आता ते चाकाच्या खुर्चीत बसून असत, समोर आवाज बंद केलेला टीव्ही, मांडीवर बोटांच्या व्यायामासाठी दिलेला टॅबलेट. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चाले. टक, टक, टक. ग्रेडीला त्या आवाजाचा वैताग येई.

"कोचना सामने लावून देते मी," मारिसेल म्हणाली. "चुकून दुसरं काही लागलं ना, की चेहरा बघा त्यांचा."

"भिंतीकडेही ते तसंच बघतात."

"तुम्ही कधी त्यांना विचारून तरी बघा काही."

"विचारून काय करू? उत्तर कोण देणार, तू?"

तिने पुढचा टॉवेल उचलला. ग्रेडीच्या खिशात एक कागद होता. रुग्णाला आता कशाचंच भान उरलेलं नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली मुलाची सही हवी होती. सही झाली की कोचना मागच्या बंद विभागात हलवणार. तिथे ना टीव्ही, ना टॅबलेट. कागद उद्या ऑफिसात द्यायचा होता. महिनाभर तो खिशात घेऊन फिरत होता आणि त्याचाही राग त्याला स्वतःवरच येत होता.

ड्राफ्ट, म्हणजे ती पाळीपाळीची उचल, सुरू झाला. आज ग्रेडीने सापळा लावला होता. मागच्या रविवारी त्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं होतं, "यंदा माझा हुकमी एक्का लँडन वॉस." वॉसचा गुडघा पार कामातून गेला होता. 'शेवटचा बाक' त्याला उचलणार आणि मारिसेलचं बिंग फुटणार.

खरं नाव होतं टोबायस क्रेन. ते त्याने वहीतही लिहिलं नव्हतं. क्रेनच्या हातातून चेंडू निसटत, म्हणून खेळाडूंच्या क्रमवारीत त्याचा नंबर दोनशेच्याही खाली. पण ग्रेडीने त्याचे पाय बघितले होते. कोचनी त्याला लहानपणी दिलेली ही एकच शिकवण. "हात बघू नकोस, काडी. हात फसवतात. पाय बघ." ग्रेडी अंगाने काटकुळा म्हणून काडी, कोचशिवाय त्या नावाने दुसरं कुणी हाक मारत नसे.

सातवी फेरी झाली, आठवी झाली. वॉसला कुणीच हात लावला नाही. ग्रेडीची नजर मारिसेलच्या हातांवर होती. टॉवेल, घडी. टॉवेल, घडी. मागे कोचचं बोट आपलं चालूच.

नवव्या फेरीत, ग्रेडीच्या बरोबर आधी, 'शेवटचा बाक'ने टोबायस क्रेन उचलला.

"कसं केलंस?" ग्रेडी ताडकन उठला.

"काय केलं?" मारिसेलच्या हातात टॉवेल होता. "मी तुमच्या समोर तर बसलेय."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तो अधिक चिडला. जे नाव त्याने कुणापुढे उच्चारलंच नव्हतं, ते फुटणार कुठून? लीगच्या गप्पांच्या चौकटीत त्याने लिहिलं, 'शेवटचा बाक, तू आहेस तरी कोण?'

उत्तर आलं नाही. त्याने तिरीमिरीत फोन टेबलावर टाकला आणि खिशातला कागद काढून शेजारी आपटला. "पेन दे. हेही आजच उरकून टाकतो. किती दिवस भिजत घोंगडं ठेवायचं?"

"त्यांच्या समोर नका हो बोलू असं," मारिसेल म्हणाली.

"त्यांना काय कळतंय?"

तिने खिशातलं पेन काढलं, पण दिलं नाही. ग्रेडीनेच ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि टोपण काढलं. मागची टकटक एकदम वाढली, मग थांबली. टेबलावरचा फोन थरथरला. 'शेवटचा बाक'चं उत्तर आलं होतं.

'काडी, किती वेळा सांगितलं, हात बघू नकोस. आणि तो कागद फाड.'