कट्ट्याचा सर्व्हर

चौथं नाव पडद्यावर आलं आणि भक्तीने यादी पुन्हा वरपासून वाचली.

पुणे, नाशिक, नागपूर, कट्टा.

कंपनीने नवा एआय एजंट आणला होता. साध्या मराठीत सांगितलं तरी तो कामाला लागायचा. "आपल्या नेटवर्कमधले सगळे व्हीपीएन सर्व्हर शोधून दाखव," एवढंच तिने लिहिलं होतं. त्याने कट्टा या तिच्या गावी, घराच्या माजघरात ठेवलेली काळी पेटीही शोधून काढली. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये घरबसल्या शिरायची ती तिची खासगी पाणंद. आधीच्या साहेबांनी तोंडी परवानगी दिली होती. ते नोकरी सोडून गेले आणि पेटीची आठवण कुणालाच राहिली नाही. त्या पेटीच्या जिवावर भक्ती कट्ट्याला बसून पुण्याची नोकरी करत होती.

"कट्टा येथील सर्व्हरची नोंद सापडत नाही. यादीत ठेवू की वगळू?" एजंटने नम्रपणे विचारलं.

'वगळ' म्हटलं असतं तर विषय संपला असता. भक्तीने देवाचं नाव घेतलं आणि 'ठेव' असं लिहिलं. खोटेपणा तिला जमतच नसे. हा गुण तिने घरात कुणाकडून उचलला, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या ऑफिसातून नव्या साहेब, रसिका मॅडम, यांचा फोन आला. "शनिवारी सकाळी आपला माणूस तपासणीला येईल. त्याला पटलं तर ठीक, नाही तर पेटी बंद आणि तू पुण्याला."

भक्तीला पुणं नको होतं. दोन वर्षं तिथे भाड्याच्या खोलीत काढून झाली होती. महिन्यातून एकदा बांगडा मिळायचा, तोही शिळा.

जेवताना तिने घरात सगळं सांगितलं. तिचे बाबा सत्यवान भात कालवता कालवता हसले. "आम्ही इतकी स्थळां हाडली, तुका घरातसून हलवूक जमला नाय. आता कंपनी हलवता!"

आई, यशोदा, हसली नाही. "शनिवारी सकाळीच ना गो येतलो तो?" तिने दोनदा विचारून घेतलं.

शनिवारी आईने उजाडताच तांदळाचे घावणे घालायला घेतले.

"अगो आई, तो तपासणीक येता, जेवूक नाय."

"ऑफिसचो माणूस झालो तरी पोट आसताच त्येका. तू आधी तो इस्तरीचो ड्रेस घाल बघू."

थोड्या वेळाने अंगणात मोटरसायकल थांबली. "इले, इले!" करत बाबा पुढे धावले आणि पाहुण्याला थेट माजघरात घेऊन आले. नाव समर्थ, राहायला दोडामार्गला, नोकरी गोव्यात. कंपनीने खर्च वाचवायला जवळचाच माणूस धरला, असं भक्तीला वाटलं. आल्या माणसाला पाणी देण्याआधी 'कशाला आलात' विचारणं आमच्याकडे वाईट दिसतं. पाणी दिल्यावर मग ते विचारायचं राहूनच जातं.

"ही ती पेटी," भक्ती म्हणाली. "विचारा काय विचारायचं ते."

समर्थने पेटीकडे ओझरतं बघितलं. "दिवसभर हेच काम असतं तुम्हाला?"

"हो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. काम कधी अडलेलं नाही."

"पुढेही करायचं आहे?"

"कायम. कुणी बंद कर म्हटलं तरी."

"बंद कशाला करायचं? इतकं चांगलं काम!" तो पटकन म्हणाला.

भक्तीचा जीव भांड्यात पडला. माणूस चांगला होता. कागद काढत नव्हता, उगाच शहाणपणा शिकवत नव्हता आणि घावणेही मागून घेत होता. असा साहेब असेल तर रोज तपासणी झाली तरी चालेल, असं तिला वाटून गेलं.

"ही पेटी दोडामार्गाक हलवली तर चलात?" बोलता बोलता तो मालवणीवर आला.

भक्ती सावध झाली. पेटी तिकडे न्यायची आणि मला पुण्याला धाडायचं, असा बेत असला तर?

"लाइन बरी आसली तर खंयय चलात," ती ठामपणे म्हणाली. "पण पेटी थंय मी. मी नाय, तर पेटी पण नाय."

समर्थ खाली बघत हसला. "म्हणजे दोडामार्गाक येवक तुमची हरकत नाय?"

तिने मनात हिशोब केला. तिथून सकाळी निघालं तर माणूस कट्ट्याला जेवायला पोचतो. "नाय. पुण्यापेक्षा दोडामार्ग कधीय बरो."

स्वयंपाकघरात आईच्या हातून उलथणं पडलं.

तेवढ्यात भक्तीचा फोन वाजला. "मॅडम, सर्व्हर तपासायला पुण्याहून निघालोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "गाडी पंक्चर झाली. फोंडाघाटला अडकलोय, जरा उशीर होईल."

भक्तीने समर्थकडे बघितलं, मग दाराकडे. दारात उभे राहून बाबा स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडत होते, "अगो, साखर घेवन ये! चेडवान आपल्या तोंडान होकार दिल्यान!"