नाव घेतलं की येतं

आकडीची काठी पडवीच्या कोपऱ्यात टेकवून हर्षाली आत आली, तरी तिचे हात स्वप्नातल्यासारखे हलके होते. आज पहिल्यांदाच तिनं एकटीनं घोणस धरली होती. पिशवीत सरकताना तिच्या पाठीवरची ठिपक्यांची साखळी पाण्यासारखी वाहत गेली होती.

या घरात सापाला साप म्हणायची सोय नव्हती. नाव घेतलं की ते येतं, असं आई मानायची. म्हणून लांबडं म्हणायचं, फार तर जनावर. लहानपणी हर्षाली चादरीत तोंड खुपसून मुद्दाम नावं घ्यायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मग डोळे मिटून वाट बघायची. कुणी यायचं नाही. झोप तेवढी यायची, आणि झोपेत अंगणभर नक्षी सरपटत राहायची.

ती सर्पमित्रांकडे शिकायला लागल्यापासून आईनं त्या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. दुपारी ‘लाकडांत घोणस निघालीय’ असा शेजारच्या वाडीतून फोन आला, तेव्हाही ती नुसती पाठ फिरवून उभी राहिली होती.

आता आई देवापाशी बसली होती, दिवासुद्धा न लावता. ओठ हलत होते. हर्षाली जवळ गेली आणि थबकली. आई "घोणस, घोणस" म्हणत होती.

"अगं आई, काय हे? धरली मी ती. रानात सोडूनही आले."

आईनं डोळे उघडले. तिचा घसा पार बसला होता.

"तू गेल्यापासून हाका मारतेय तिला," ती म्हणाली. "म्हटलं, यायचंच तर माझ्याकडे येऊ दे."