दुसरा ब्रेक

“इथवर बस येत नाही. म्हणून तर एवढी शांतता आहे,” दलाल म्हणाला, आणि मास्तरांना घर तिथल्या तिथे पसंत पडलं.

टेकडीच्या माथ्यावरची ती वस्ती निवृत्त माणसांसाठीच वसवलेली होती. आखीव रस्ते, एकसारखी बैठी घरं, फाटकाशी एकेक बाक. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. आता स्कूल विकून, शिकवणीची एक गाडी तेवढी जवळ ठेवून, ते बायकोला घेऊन या परक्या प्रांतात घर बघायला आले होते. प्रांत बायकोनं सुचवला होता. खालच्या शहरात तिची ताई एकटी राहायची. म्हातारपणी दोघी बहिणींनी एकत्र बसून जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढाव्यात, एवढीच तिची हौस होती. “तुझ्या ताईजवळच राहू,” असं मास्तर म्हणालेही होते. खोटं कशाला बोलावं, ओट्यावरून ताईचं शहर दिसत होतं.

बायकोनं खाली पाहिलं. रस्ता वळणं घेत घेत उतरला होता आणि त्यावर चालणारं एक माणूस दिसत नव्हतं.

“अहो, मग मी ताईकडे जायचं कसं?”

“मी आहे ना. नेईन की.”

“कधी?”

“जमेल तेव्हा.”

हे ‘जमेल तेव्हा’ तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते माहेरी जाण्यासाठी जमलं नव्हतं आणि डोळे दाखवायलाही जमलं नव्हतं. त्यात ताईनं एकदा मास्तरांना तोंडावर हेकट म्हटलेलं, म्हणजे तिच्याकडे जायला तर जमणारच नव्हतं.

तिनं पर्स उघडली आणि एक कार्ड काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

“घ्या हे घर. माझी मी जाईन.”

मास्तरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. लायसन्स होतं, नवं कोरं, आणि फोटो हिचाच होता.

“तुला कोणी शिकवलं?”

“तुमच्याच विद्यार्थिनीनं. आपल्या खालच्या मजल्यावरची नर्स. तुम्ही स्कूलमध्ये गेलात की तिच्या गाडीवर शिकायचे.”

मास्तरांचे कान लाल झाले. दिव्याखालचा अंधार कुणीतरी परस्पर दूर केला, तर दिव्याला काय आनंद होणार? पण दलाल बघत होता. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपंही कान टवकारून होतं. मास्तर मोठ्यानं हसले.

“अरे वा, आमच्याच पोटावर पाय! चल, दाखव. पहिल्या वळणापर्यंत ने.”

ती स्टिअरिंगवर बसली. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, पट्टा लावला. मास्तरांनी नर्सला शिकवलेला क्रम होता तो, जसाच्या तसा. मास्तर शेजारी बसले. शिकवणीच्या गाडीत तिथेही एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्यानं दाबायचा. दलालाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला ठाऊक होतं, पण या घडीला तिच्या मनात पहिल्या गियरखेरीज काहीच नव्हतं.

तिनं अलगद क्लच सोडला. गाडी हातभर सरकली, गचका खाऊन बंद पडली.

“क्लच, क्लच,” मास्तर म्हणाले.

तिनं हँडब्रेक तपासला, पुन्हा चावी फिरवली. पुन्हा गचका. बाकावरचं जोडपं खुदकन हसलं.

“चढावर होतं असं,” दलाल समजुतीनं म्हणाला. गाडीचं तोंड उताराकडे होतं.

तिसऱ्या वेळी तिनं ॲक्सिलरेटर जास्त दिला आणि कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? जोडपं उठून फाटकाशी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली, तेव्हा तिला मास्तरांचा पॉलिश केलेला बूट दिसला. पार तळापर्यंत दाबलेला.

मास्तर शांतपणे समोर बघत होते.

“पाय काढा,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“अहो, पाय काढा. मला येतं.”

“किती येतं ते बघितलं सगळ्यांनी,” मास्तर तितक्याच हळू म्हणाले.

तिला संताप आला. काचेपलीकडे तीन माणसं उभी होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण मरेपर्यंत याच लोकांच्या शेजारी राहायचं, आणि पहिल्याच दिवशी नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची? तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले.

तेवढ्यात दलाल खिडकीशी वाकला. “जाऊ द्या काकू. या वयात पाय ऐकत नाहीत. आणि काकांसारखा ड्रायव्हर घरात असताना हा खटाटोप कशाला?”

“घर पक्कं समजा,” मास्तर त्याला म्हणाले. उतरून ते तिच्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. लायसन्स त्यांनी वरच्या खिशात सरकवलं. “हे राहू दे माझ्याकडे. तू हरवशील.”

ती उतरली आणि वळसा घालून पलीकडे जाऊन बसली. मास्तरांनी सीट मागे ढकलली, आरसा फिरवला, गाडी सुरू केली. मग त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

“वर घे. चुकून ब्रेकवर पडेल.”

या गाडीत ती आजवर तशीच बसत आली होती. तिनं चपला काढल्या, एकेक करून दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घातली.

दलालानं आत डोकावून पाहिलं आणि त्याला बरं वाटलं.

“वा काकू! अगदी घरच्यासारख्या बसलात की!”