कोरडे रविवार

“आई, तांब्या खाली ठेवा! थेंबभरसुद्धा घालू नका!”

तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी घोटही घेत नाही, हे सुनेला ठाऊक आहे. तरी ती वृंदावनापाशी पालथी झोपून फोटो काढत होती. वृंदावनाच्या भोकातून वाहून आलेला गाळ खाली पंख्यासारखा पसरला होता. मंगळावरच्या आटलेल्या नद्यांच्या मुखाशी म्हणे असाच गाळ आहे. तो कसा साचला हे शोधणं ही तिची नोकरी; त्यासाठी तिने महिनाभर माझ्या अंगणात वाळूचे ट्रे मांडले, त्यात बादल्या ओतल्या. पंखा काही झाला नाही. चिखल तेवढा झाला, तो मी धुतला.

बारा वाजले. माझी जीभ टाळूला चिकटलेली, आणि बाईसाहेब सुरीने गाळ कापून बघतायत!

“आई, आज एक दिवस राहू दे ना पाणी.”

“राहू दे? लग्न होऊन आल्यापासून रविवार सोडले तर एक दिवस चुकला नाही माझा!”

सुरी थांबली. “रविवारी नाही घालत?”

“रविवारी तुळशीला पाणी घालतात का कधी?”

“म्हणून थर सुटे दिसतायत! रोज थोडं पाणी, मध्ये कोरडा दिवस. आणि मी सगळी बादली एकदम ओतत होते!”

चिखलाच्या हातांनी ती मिठी मारायला आली.

“शिवू नकोस, सोवळ्यात आहे. म्हणजे मंगळावरही पाणी मध्ये मध्ये थांबत होतं?”

“तेच तर दाखवायचंय, आई. घाला तुम्ही, रोजच्यासारखं.”

मी तांब्या कलता केला.

“आई, जरा हळू!”

घ्या. आता तुळशीला पाणी कसं घालायचं, तेही हीच शिकवणार.