डॉक्टर आजींचं अनावरण

गुनसानच्या नगरभवनात त्या सकाळी शहराच्या पहिल्या डॉक्टरीणबाई मा बोंग-सुन यांच्या ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण होतं. त्यांची नात हे-रान कापड ओढायला पुढे झाली आणि थबकली. पुतळ्याच्या तोंडापाशी कापड आत जात होतं, बाहेर येत होतं.

"पंखा चालू आहे का कुठं?" तिनं हळूच विचारलं.

"नाही हो ताई, खिडक्याही बंद आहेत," महापौर हसतमुखानंच म्हणाले. "ओढा आता, लोक ताटकळलेत."

टाळ्या सुरू झाल्या तशी कापडाची धाप वाढली.

"आजी, तुला नको असेल तर सांग," हे-रान पुटपुटली.

कापड एकदम स्थिर झालं. तिला हायसं वाटलं. तिनं टोक धरून ओढलं, पण ते निघेना. तिनं जोर लावला, तेव्हा तिला कळलं.

कापड आतून दातांत धरलेलं होतं.