टाकाऊचं झाड

बाइंडरबाईंनी पुस्तकाच्या पाठीवरून सुरी फिरवली आणि पुठ्ठा सोलून बाजूला ठेवला.

"अहो, ते खनिजांचं पुस्तक आहे!" मास्तर दारातूनच ओरडले.

"होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

वाचनालयाच्या तळघरातली ही बांधणीची खोली. आजवर इथे फाटकी पुस्तकं धडकी होऊन वर जात. आता धडकी पुस्तकं खाली येत होती. नव्या प्रशासकांनी विज्ञानाचं दालन मोडून तिथे सभागृह करायचं ठरवलं होतं. तिथली पुस्तकं जुनी, म्हणून बाद. कोणी उचलून विकू नयेत म्हणून ती इथेच कापायची आणि त्या कागदांचं एक मोठं झाड करून दर्शनी भागात उभं करायचं. 'टाकाऊतून टिकाऊ' असं प्रशासक सभेत म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दालनातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक त्यांनी दारोदार फिरून मागून आणलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते रोज तिथेच बसत.

"मला घरी नेऊ द्या की. कापता कशाला?"

"आदेश आहे. एकही पुस्तक या इमारतीबाहेर जाता कामा नये."

"आणि तुम्ही तो पाळणार?"

"शब्दशः पाळतेय."

टेबलावर कागदी पानांचा ढीग पडला होता. पिंपळपानाच्या आकाराची, कडा नीट दुमडलेली पानं. मास्तरांनी एक उचलून डोळ्यांजवळ धरलं. बारीक छापलेल्या आकड्यांच्या रांगा. "लॉगची कोष्टकं," ते म्हणाले. "पोरांना यावर गणितं घालायचो मी."

बाईंनी त्यांच्या हातातून पान काढून घेतलं आणि ढिगावर ठेवलं. "चहा घेणार?"

"तुमच्या हातचा? त्यापेक्षा खाटीक बरा. तो निदान आपल्याच बोकडावर सुरी चालवतो."

बाई हसल्या. त्यांनी पुढचं पुस्तक ओढलं.

मास्तरांनी अर्ज दिले. सह्या गोळा करायला घरोघरी गेले. लोकांनी सह्या केल्या, हळहळ व्यक्त केली आणि दारं लावून घेतली. घरी लेक वैतागली होती.

"बाबा, पुन्हा भांडून आलात?"

"भांडलो नाही. नुसता बोलून आलो."

"तुमचं नुसतं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. उद्घाटनाला जाऊ नका हं. मला कामावरून उठून यायला लावाल."

"जाणार. आणि ते झाड उपटणार."

"या वयात?"

"उपटायला वय लागत नाही, राग लागतो."

उद्घाटनाच्या दिवशी झाड छतापर्यंत पोचलं होतं. खोडाला साल म्हणून पुस्तकांचे पुठ्ठे डकवलेले. प्रत्येकावरचं नाव वाचता येत होतं, आणि मास्तर एकेक नाव वाचत उभे होते. स्मशानात उभं राहावं तसे. वर पानंच पानं. लोक झाडाखाली उभे राहून फोटो काढत होते. बाई मागच्या भिंतीला टेकून होत्या.

प्रशासकांनी भाषण केलं. कात्री उचलली.

मास्तर फितीखालून आत शिरले. त्यांनी सगळ्यांत खालची फांदी दोन्ही हातांनी धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढली. फांदी कडाडून खाली आली. टाळीसाठी उचललेले हात हवेत तसेच राहिले.

"ही वाचायची होती!" मास्तर ओरडले. "वाचायची! बघायची नव्हती!"

दोन पहारेकऱ्यांनी त्यांना दंडाला धरून प्रशासकांच्या खोलीत नेऊन बसवलं. पाठोपाठ प्रशासक आले, त्यांच्यामागे बाई.

"फांदी परत लागेल का?" प्रशासकांनी विचारलं.

"खळ लावून बसवते. तासाभराचं काम."

"मास्तर, तुमच्या वयाकडे बघून तक्रार करत नाही. मुलीला फोन केलाय. पण माफी मागा."

"मागणार नाही."

"लोकांसमोर नको. इथे, माझ्यापुरती."

"तुमच्यापुरती तर मुळीच नाही. ती फांदी तुम्ही जोडलीत, तर मी दुसरी तोडेन."

पहारेकऱ्याला हसू आलं. प्रशासकांनाही. त्यांनी खुर्चीमागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. वरपासून खालपर्यंत लाल कापडी बांधणीचे जाडजूड ग्रंथ, पाठीवर सोनेरी अक्षरं.

"तुम्हाला वाचायचंच आहे ना? हे आमचे आजवरचे वार्षिक अहवाल. बाईंनी नुकतेच नव्याने बांधून दिलेत. रोज या, इथे बसा, हवे तेवढे वाचा. माझी परवानगी आहे. लेखी देऊ?"

"द्या," बाई म्हणाल्या.

सगळे पुन्हा हसले. प्रशासकांनी खरंच एका चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या, सही ठोकली, आणि ते पाहुण्यांकडे गेले. पहारेकरीही त्यांच्यामागे गेले.

मास्तरांची कानशिलं तापली. ते उठले. कपाट उघडून त्यांनी हाताला लागला तो अहवाल उपसला आणि दारावर भिरकावण्यासाठी डोक्यावर उचलला. जड पुठ्ठा हवेतच उघडला.

आत नेच्याचं एक पान होतं, खालच्या बाजूने रेखाटलेलं. त्याच्यावर बीजाणूंच्या ठिपक्यांच्या रांगा, शेजारी बारीक अक्षरांत नावं. मास्तरांनी हात खाली आणला. पान उलटलं. पुढचं उलटलं. मग शेजारचा ग्रंथ काढून उघडला. त्यात तारे होते.

बाई दारात उभ्या राहून बोटांवरची वाळलेली खळ खरवडत होत्या.

"फेकू नका, मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अहवाल सगळे झाडावर आहेत."