आईची किटली

चॅनलवाल्यांनो, तुम्हाला जुनी वस्तू नको असते, त्या वस्तूमागचं मेलेलं माणूस हवं असतं. हॅलिफॅक्सची जोसलिन आईची चहाची किटली घेऊन जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमाला गेली, तर कॅमेऱ्यावर कुणाला घ्यायचं ते ठरवणारी पोरगी म्हणाली, "किटली तशी साधीच आहे हो. हिच्यामागे काही गोष्ट आहे का? आई गेल्या का तुमच्या?"

सकाळपासून रांगेत उभं राहून रिकाम्या हातानं परतायचं जोसलिनच्या जिवावर आलं. तिनं होकारार्थी मान हलवली. मग कॅमेऱ्यासमोर किटली पारखणाऱ्या तज्ज्ञानं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिला खरंच रडू कोसळलं.

रविवारी संध्याकाळी तिचं ते रडणं टीव्हीवर लागलं आणि तेवढ्यात वृद्धाश्रमातून फोन आला. जोसलिननं आधी टीव्हीचा आवाज बंद केला. फोन कानाला लावायची तिला लाज वाटत होती.

"रडलीस बाकी छान, जोस," आई म्हणाली. "इथं सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. त्यांना काय सांगू, कधी गेले मी?"